माझ्या कानाची गॅरंटी

जुना पेडल किंवा अँप विकणारे बहुतेक लोक गिऱ्हाइकाला आधी काहीतरी वाजवून दाखवतात. मी कधीच दाखवलं नाही. वाजवायला लागलं की कुठलंही सामान बरंच वाटतं, त्यात काय कळणार कप्पाळ? मी पेडल, म्हणजे गिटारचा आवाज घडवणारी पायाखालची डबी, अँपला जोडायचो, अँपचा व्हॉल्यूम पूर्ण चढवायचो, बेस गिटारच्या चारही तारा तळहाताखाली दाबून धरायचो आणि गप्प उभा राहायचो. समोरचा माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. अशा वेळी सामान आपण होऊन बोलतं. कुठे खरखर असते, कुठे गुणगुण, कुठे सैल झालेल्या जोडाची कुरकुर. मिनिटभर ऐकून झालं की मी मान हलवायचो आणि म्हणायचो, "आवाज नाही. घेऊन जा." एवढ्यावर सौदा व्हायचा.

हे सगळं चालायचं नवीन पनवेलमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत. मी एका कंटेनर यार्डात नोकरी करतो, ऑर्केस्ट्रात आणि हळदीच्या कार्यक्रमांत वीस-बावीस वर्षं बेस वाजवला, आणि बेसवाल्यांचं जुनं सामान घेणं-विकणं हा माझा तिसरा उद्योग. बायकोच्या भाषेत, नसता उद्योग. "अहो, लोक पलंगाखाली गाद्या ठेवतात, तुम्ही काय ठेवलंय बघा," असं ती पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. बेसवाले असतात मोजके. दर ऑर्केस्ट्रात एकच. त्यामुळे तेच ते सामान आमच्यात फिरत राहतं. मी विकलेला पेडल तीन मालक करून माझ्याकडेच परत आलाय असंही झालंय. त्याला ना खोकं असतं, ना बिल, ना कंपनीची गॅरंटी. फक्त एक गोष्ट विचारली जायची: पनवेलवाल्याने ऐकलाय का? मी ऐकलाय म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नसे. मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू.

गव्हाणचा माझा मित्र माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. आगरी घरातला, बापजाद्यांची मिठागरं आणि शेती होती, आता रेती-खडीचा धंदा आहे. बेसवर पहिली बोटं त्याने माझ्याकडे ठेवली, म्हणून मी त्याचा दादूस. उलवे-गव्हाणच्या पट्ट्यात हळद असली की बेसवर तोच. पण हळदीतला बेस कोण ऐकतो? भिंतीएवढे स्पीकर लावलेले असतात, लोक नाचत असतात, बेस छातीत धडधडतो आणि विरून जातो. कोणी कधी येऊन म्हणत नाही की वा, काय बेस वाजवलास. गडी वयाच्या चाळिशीला आला तरी त्याचं वाजवणं कुठेही रेकॉर्ड झालेलं नव्हतं. ही गोष्ट त्याला फार लागायची. मला ते माहीत होतं, कारण दोन घोट पोटात गेले की तो दुसरं काही बोलतच नसे.

आणि मग त्याला खरंच काम मिळालं. देवीची चार गाणी, पनवेलमधल्या एका स्टुडिओत, आणि गाण्यांखाली वादकांची नावं येणार होती. गडी हवेत होता. गावभर सांगून मोकळा झाला. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्याला एक कॉम्प्रेसर आणायला सांगितला होता. कॉम्प्रेसर म्हणजे मोठा सूर जरा दाबणारा, बारीक सूर जरा उचलणारा पेडल. त्याने बेस एकसारखा येतो. हा माझ्याकडे धावत आला.

"दादूस, एकदम साफ पायजे. तू ऐकून दे. दुसऱ्या कुनाचा मना नको."

रोडपालीला एक इंजिनिअर परदेशी चालला होता, त्याचं सामान मी उचललं होतं. त्यात एक चांगला कॉम्प्रेसर होता. मी माझ्या पद्धतीने जोडला, चढवला, तारा दाबल्या, उभा राहिलो. आत इतकी शांतता होती की मी खूश झालो. त्याला फोन करून सांगितलं, "डोळे झाकून घेऊन जा. असला साफ पेडल वर्षात माझ्या हातून गेला नाही."

आठवड्याने, भर दुपारी, तो दारात उभा. चेहरा पडलेला. आत येऊन बसलासुद्धा नाही.

"दादूस, पेडल शिट्टी मारतंय."

"काय मारतंय?"

"शिट्टी. बारीक. चालू केला का येते. स्टुडिओवाल्यानं पन ऐकली. माझं काम गेलं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. काम गेल्याचं वाईट वाटायच्या आधी मला राग आला, हे आज लिहितानाही लाज वाटते. मी त्याच्या हातातून पेडल घेतला, जोडला, चढवला, तारा दाबल्या. काही नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"कुठे आहे?"

"आता पन येतेय की. ऐक ना."

"अरे काय ऐकू? काही नाहीये!"

"ह्याच्यातून येतेय बघ." त्याने माझ्या अँपच्या वरच्या छोट्या भोंग्याकडे बोट दाखवलं. बारीक आवाज त्यातूनच येतात. मी कान तिथे नेऊन लावला. शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही नव्हतं. आणि हा माणूस दोन हात अंतरावर उभा राहून मला सांगत होता की आहे. मला वाटलं, स्टुडिओत गेल्यावर ह्याची पाचावर धारण बसली, बोटं चालली नाहीत, आणि आता तोंड लपवायला माझा पेडल सापडला.

"वाजवता आलं नसेल तर तसं सांग ना," मी म्हणालो. "माझ्या नावावर बिल फाडू नकोस. हळदीत दणदणाट करणं वेगळं आणि स्टुडिओत वाजवणं वेगळं. तुला कान तरी आहे का रे?"

त्याने पेडल तिथेच चपलांच्या रॅकवर ठेवला, हेल्मेट उचललं आणि जिना उतरून गेला. मी दार लावून घेतलं. वर कडी म्हणजे, बेसवाल्यांचा आमचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी संध्याकाळी लिहिलं की हल्ली काही लोकांना चांगलं सामान दिलं तरी पचत नाही, स्वतःचं झाकायला ते विकणाऱ्याला बदनाम करतात. नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, सगळ्यांना कळलं. सात-आठ जणांनी अंगठे दिले. त्याने ते वाचल्याचं मला दिसत होतं. तो गप्प राहिला आणि मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

त्यानंतरच्या रविवारी मी तोच पेडल दुसऱ्याला विकायला काढला. म्हणजे बघा, किती खात्री. सकाळी व्हिडिओ काढायला म्हणून जोडला, नेहमीसारखा चढवून ठेवला आणि फोन उभा करायला काहीतरी शोधत होतो. मुलगी दहावीला आहे, आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ती उठली आणि दार धाडकन लावून घेतलं.

"दार आपटू नकोस गं!" मी ओरडलो.

दार पुन्हा उघडलं. "मग ती शिट्टी बंद कर ना, बाबा. डोकं उठलंय माझं."

मी गिटारवरचा हात उचलला, परत ठेवला. खोलीत चिडीचूप होतं. निदान माझ्यासाठी होतं.

"कुठली शिट्टी?"

"कुठली काय? ही. ईईई अशी." तिने एक कान बोटाने बंद केला. "तुला गंमत वाटते का?"

मी तिला बाहेर बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. पेडलचं बटण दाबलं तर टक असा आवाज येतो, त्यावरून कळेल, म्हणून बटणाला हात न लावता अँपचा व्हॉल्यूमच हाताने कमी-जास्त करायला लागलो. तिला म्हटलं, शिट्टी आली की आहे म्हण, गेली की नाही म्हण. वाढवला. "आहे." उतरवला. "नाही." वाढवला. "आहे." मी फसवायला बघितलं, उतरवून बराच वेळ तसाच थांबलो, कोणालाही वाटावं की आता चालू झाला असेल. ती वैतागून म्हणाली, "नाहीच आहे अजून. काय खेळ चाललाय तुझा?" मग मी अगदी सावकाश, केसभर केसभर वाढवत नेला. काटा अर्ध्यावरही गेला नव्हता तेव्हा ती म्हणाली, "आली." पूर्ण टोकाला नेला तरी मला काही नव्हतं. मी तिला विचारलं, असले आवाज तुला आधीपण ऐकू यायचे का?

"नेहमीच. तुझे अर्धे पेडल असेच ओरडतात," ती म्हणाली. "मला वाटलं, ते तसेच असतात."

अर्धे. ती सहज बोलून आत गेली, पुस्तक उघडून बसली. मी खालीच बसलो, वायरींच्या जंजाळात. बायको पोहे घेऊन बाहेर आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं हो? शॉक बसला का?"

मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे कान तपासणाऱ्या बाईंनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाड, खालचे सूर आले. ते मी पटापट दाबत गेलो, मनात म्हटलं, बघा, एक चुकत नाहीये. मग सूर वर सरकले आणि थोड्या वेळाने यायचेच बंद झाले. मी थांबलो. बराच वेळ गेला. काचेतून बघितलं तर बाई त्यांच्या मशीनवर एकामागून एक बटणं दाबतच होत्या आणि दर वेळी मान वर करून माझ्याकडे बघत होत्या.

"मशीन बंद पडलंय का?" मी विचारलं.

"नाही हो, चालू आहे," त्या म्हणाल्या.

कागदावर त्यांनी मला आलेख दाखवला. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, रेघ सरळ चाललेली, आणि मध्यावर घसरली ती थेट तळाला. डावा कान जास्त गेला होता, कारण आमचा ड्रमवाला कायम माझ्या डावीकडे बसायचा आणि त्याच्या झांजा माझ्या कानाच्या उंचीवर असायच्या. वीस वर्षं. डॉक्टर म्हणाले की हे परत येत नाही, पण घाबरायचं कारण नाही, बोललेलं ऐकू येतंय ना, मग झालं तर. त्यांच्या दृष्टीने खरोखरच झालं होतं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. अहो, माझं नावच त्या वरच्या सुरांवर उभं होतं. मी बेस वाजवणारा माणूस. माझ्या गिटारचा एकही सूर हरवला नव्हता, सगळं कसं घसघशीत ऐकू यायचं, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. चोर वरच्या मजल्यावरून सामान नेत होता आणि मी तळमजल्यावर काठी घेऊन राखण करत होतो.

मग एकेक आठवायला लागलं, आणि आठवू नये असं वाटायला लागलं. माझ्या अँपचा तो छोटा भोंगा मी दोन वर्षांत दोनदा बदलला होता, मेलाय म्हणून. एक अख्खा चांगला स्पीकर मी कवडीमोलाने देऊन टाकला होता, वरचा आवाज येत नाही असं सांगून. घेणारा जोडून बघताना एकदम गप्प झाला होता आणि लगबगीने रिक्षात घालून घेऊन गेला होता. कामोठ्याचा एक जण गेल्या वर्षी एक पेडल परत करायला आला होता, त्याला मी अॅडॉप्टर चांगला वापर म्हणून हाकलला होता. उरणच्या एका भल्या माणसाने फोनवर नुसतं विचारलं होतं की भाईजान, थोडा आवाज करतोय, चालतं का एवढं? त्याला मी बेसवाल्याने खालचं ऐकायचं असतं, वरचं नाही, असं ज्ञान पाजळलं होतं. अजून किती जण असतील जे आलेच नाहीत? त्यांनी स्वतःची समजूत काढली असेल की पनवेलवाल्याने ऐकलाय म्हणजे ठीकच असणार.

गव्हाणला जायला मला दोन आठवडे लागले. रोज मेसेज लिहायचो आणि पुसायचो. ग्रुपवर आधी खरं लिहावं असंही ठरवलं, पण तिथे लिहिलं की आपला बाजार उठला हे समजत होतं, आणि हिंमत होत नव्हती. शेवटी बायकोच म्हणाली, "ग्रुप गेला खड्ड्यात. त्या माणसाला तुम्ही काय काय बोललात ते मी आतून ऐकलंय. आधी त्याच्या दारात जा."

सुट्टीच्या दिवशी दुपारी स्कूटर काढली. उलव्याचे टॉवर मागे टाकून गावात शिरलो. तो पोर्चमध्ये झोपाळ्यावर एकटाच बसला होता. मला बघून उठला नाही. "ये," म्हणाला, एवढंच. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की पेडल शिट्टी मारत होता, तू खरं बोलत होतास, मी तुला नाही नाही ते बोललो, ग्रुपवर लिहिलं, मला माफ कर. सगळं एका दमात. तुझं रेकॉर्डिंग परत होईल का, मी त्या स्टुडिओवाल्याशी बोलू का, असंही म्हणालो.

"गानी आली ना बाहेर," तो म्हणाला. "बेस की-बोर्डवर वाजवून घेतला त्यांनी. बरा वाजवलाय."

मग पायाने झोपाळा हलवायला लागला. राग दिसत नव्हता. तेच मला सहन होत नव्हतं.

"मना पयल्या दिवशीच आली व्हती ऐकू," तो म्हणाला. "घरी, सराव करताना. बायकोला पन आली. मी तिला बोललो, गप बस, दादूसनं ऐकून दिलाय. मंग मना वाटलं माझ्याच कानात काय तरी हाय. दोन दिवस कानात खोबरेल घातलं मी, गरम करून."

त्याने पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"स्टुडिओत तो मानूस बोलला, शिट्टी येतेय, पेडल काढ आनि तसाच वाजव. बिनपेडलचा. आपन करू बरोबर, बोलला. मी नाय काढला."

"का?" मी विचारलं. "काढायचास ना रे. काढून वाजवायचंस!"

"काढला असता तर तू खोटा पडला असतास ना, दादूस. चार मानसांत. मी त्याला बोललो, तुझ्या वायरी बघ, मशीन बघ, ह्या पेडलमध्ये आवाज नाय. दोन तास भांडलो त्याच्याशी. मंग तो बोलला, तू घरी जा."

मला वाटलं होतं की माझ्या पेडलमुळे त्याचं काम गेलं. ते तेवढंच नव्हतं. त्याला स्वतःला शिट्टी ऐकू येत होती, समोर गिटार होती, पेडलशिवाय वाजवायची मोकळीक होती, आणि ह्या शहाण्याने माझ्या शब्दाखातर स्वतःच्या कानाला खोटं पाडलं होतं. आणि मी त्याला विचारलं होतं की तुला कान तरी आहे का. मला तिथेच रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

तो झोपाळ्यावरून उठला. "पन मना एक सांग," तो म्हणाला, "तू तर माझ्या बाजूलाच उभा व्हतास त्या दिवशी. भोंग्याला कान लावलास. तुना कशी नाय आली?"

मी खिशातून तो आलेखाचा कागद काढून त्याला दिला. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण घसरलेली रेघ कोणालाही कळते. त्याने कागद उलटा करून पाठीमागे काही आहे का तेही बघितलं, मग नीट घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवला. माझ्याकडे शिकायचा तेव्हा हा माणूस स्टेजवर माझ्या बाजूला, दोन भिंतींएवढ्या स्पीकरांच्या मध्ये उभा राहून माझ्याशी कुजबुजत टिंगल करायचा आणि मी हसायचो. आता तो माझ्या उजव्या बाजूला आला, वाकला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं ओरडला, "दादूस! चाय! घेशील का?"

आतून त्याची बायको बाहेर डोकावली. मला बोललेलं ऐकू येतं रे, हळू बोललास तरी येतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण कानाबद्दल त्याला काही सांगायचा हक्क मला आता राहिला नव्हता. मी मान हलवून घेईन म्हणालो, आणि तो त्याच आवाजात विचारत राहिला, साखर किती.